मीटिंगसाठी कॅम्पसवरचं जुनं हॉटेल: घ्यावं की नाही?

कॉन्फरन्स, रीयुनियन, बोर्ड मीटिंग असलं काही ठरायला लागलं की ग्रुपवर पहिला मेसेज येतो "व्हेन्यू काय?" आणि पाच मिनिटांत कोणीतरी एअरपोर्टजवळच्या मोठ्या चेन हॉटेलची लिंक टाकून मोकळं होतं. ते हॉटेल वाईट नसतंच, पार्किंग असतं, हॉल चौकोनी असतो, स्क्रीन खाली येतो, सगळं आलबेल. पण तिथून परत आल्यावर कोणाला काही आठवतं का? मला तरी नाही. त्यामुळे इथे अमेरिकेत ऑफिसच्या मीटिंगांचं लोढणं माझ्या गळ्यात पडल्यापासून माझं मत हळूहळू पक्कं होत गेलंय की शंभर-सव्वाशे माणसं असतील आणि आसपास जुनी युनिव्हर्सिटी असेल तर आधी तिच्या कॅम्पसवरचं जुनं हॉटेल बघायचं. फक्त एक गोष्ट डोक्यात ठेवून बघायचं. ते हॉटेल चालवो कोणीही, त्याचं कॅलेंडर युनिव्हर्सिटीच्या हातात असतं. बाकी सगळे फायदे-तोटे यातूनच निघतात.

ही हॉटेलं तिथे आली कशी हे आधी सांगते, कारण त्याचा पुढे संबंध आहे. जुन्या काळी कॉलेजं गावाबाहेर, कुठेतरी आडबाजूला निघाली. पोरांना सोडायला आईबाप येणार, पाहुणे प्रोफेसर येणार, ट्रस्टी येणार, त्यांना उतरायला जागा नको? न्यू हॅम्पशायरमध्ये डार्टमथ कॉलेज १७६९ चं, आणि १७८० मध्ये एबेनेझर ब्रूस्टर नावाच्या माणसाने तिथे आपल्याच घरात खानावळवजा टॅव्हर्न सुरू केलं. आजचं हॅनोव्हर इन आपली वंशावळ तिथपर्यंत नेतं. इमारत अर्थात ती नाही, मधे आगी लागल्या, पाडापाडी झाली, पण जागा कॉलेजच्या हिरवळीसमोरचीच. पेन स्टेटचं निटनी लायन इन १९३१ चं. म्हणजे "हिस्टॉरिक" हा शब्द इथे कोणी नुसता ब्रोशरमध्ये टाकण्यासाठी वापरत नाही, बऱ्याच ठिकाणी तो खरंच कमावलेला आहे.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट चॅपल हिलच्या कॅरोलायना इनची. नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटी तशी फार जुनी, १७९५ मध्ये तिथे विद्यार्थी शिकायला लागले. कॅम्पसच्या कडेला ज्या टेकाडावर हे हॉटेल आहे तिथे पूर्वी एक छोटं चॅपल होतं, गावाचं नावच त्यावरून पडलंय. तर जॉन स्प्रंट हिल म्हणून याच युनिव्हर्सिटीचे माजी विद्यार्थी होते, डरहॅमला बँकर, चांगले पैसेवाले. कॅम्पसवर येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना धड राहायला जागा नाही म्हणून त्यांनी स्वतःच्या खिशातून हे हॉटेल बांधलं, १९२४ मध्ये ते उघडलं. आर्थर नॅश आर्किटेक्ट, दर्शनी भागाला उंच खांबांचा पोर्च, जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननच्या घराची आठवण करून देणारा. इथवर ठीक आहे, श्रीमंत माणसाने हॉटेल बांधलं. पण पुढे १९३५ मध्ये त्यांनी ते अख्खं हॉटेल युनिव्हर्सिटीला देऊन टाकलं आणि देताना अट घातली की होणारा नफा युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीला जायचा, तिथल्या नॉर्थ कॅरोलायनाविषयीच्या पुस्तकांच्या संग्रहासाठी. मंदीचे दिवस होते ते, हॉटेल विकून पैसे केले असते तरी कोणी नाव ठेवलं नसतं.

हे वाचलं तेव्हा मला त्या माणसाचं खरंच कौतुक वाटलं. आपण मीटिंगला कॉफी मागवतो, त्या कॉफीच्या अव्वाच्या सव्वा किमतीतून कोणाचं काय भलं होतं हे आपल्याला कधी कळतच नाही, आणि इथे एका माणसाने थेट पुस्तकांपर्यंत पाइपलाइन टाकून ठेवली. (कॉफीच्या किमतीकडे येतेच नंतर, ती सोडणार नाहीये मी.) १९९९ पासून ही इमारत राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत आहे. भूतही आहे म्हणे, एक डॉक्टर कितीतरी वर्षं तिथे खोली घेऊन राहायचे, ते गेल्यावर त्यांच्या खोलीची दारं अडकायला लागली अशी गोष्ट सांगतात. जुनं हॉटेल आणि भूत नाही म्हटलं तर लोकांना फसवल्यासारखं वाटत असावं.

दुसरी एक धारा आहे ती वेगळी, आणि मीटिंगवाल्यांसाठी खरं तर तीच महत्त्वाची. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत १९५१ मध्ये केलॉग सेंटर उघडलं, पैसे केलॉग फाउंडेशनचे, हो तेच कॉर्नफ्लेक्सवाले. विचार असा की युनिव्हर्सिटी काय फक्त अठरा-वीस वर्षांच्या पोरांसाठीच असते का, शेतकरी, शिक्षक, नोकरी करणारी मोठी माणसं यांनीही चार दिवस यावं, राहावं, शिकावं आणि घरी जावं, म्हणून राहायच्या खोल्या आणि वर्ग एकाच छपराखाली. नंतर जॉर्जियात १९५७ मध्ये आणि आणखी काही युनिव्हर्सिट्यांत तशीच सेंटरं निघाली. आज आपण ज्याला "कॉन्फरन्स सेंटर हॉटेल" म्हणतो त्याचा एक मोठा धागा तिथून येतो. कॉर्नेलचं आणखी निराळं, तिथे १९२२ पासून हॉटेल मॅनेजमेंट शिकवतात आणि शिकवायला हॉटेल हवं म्हणून १९५० मध्ये स्टॅटलर इन आलं, हल्लीची इमारत नंतरची आहे. तिथे १९२६ पासून विद्यार्थी स्वतःच एक कार्यक्रम करतात, हॉटेल एझ्रा कॉर्नेल म्हणून, इंडस्ट्रीतल्या बड्या लोकांना बोलवायचं आणि स्वयंपाकापासून पाहुणचारापर्यंत सगळं पोरांनी सांभाळायचं.

म्हणजे बघा, एक हॉटेल पाहुण्यांसाठी बांधलेलं, दुसरं शिकवण्यासाठी. बुकिंग करायच्या आधी आपलं कुठल्या जातीचं आहे हे विचारा. शिकवण्यासाठी बांधलेल्यात हॉल चांगले असतात, उतरते बसायचे वर्ग असतात, प्रत्येक टेबलाजवळ प्लग असतो. पाहुण्यांसाठी बांधलेल्यात जिने, शेकोट्या, पोर्च आणि लाकडी पॅनेल सुंदर असतं आणि प्लग मात्र भिंतीत दोनच, तेही सोफ्यामागे.

आता कॅलेंडर. कॉन्व्होकेशनच्या आठवड्यात, म्हणजे मे महिन्यात, कॅम्पस हॉटेलात खोली मागणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात ऐनवेळी खोली मागणं. पालकांनी कधीचं बुक करून ठेवलेलं असतं. तीच गोष्ट फॉलमधल्या होम गेमच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या मैदानावरच्या मॅचच्या, शनिवारांची. फुटबॉलची मॅच असली की रेट चढतात, कमीत कमी दोन रात्री घ्याच म्हणतात, पार्किंग लॉटमध्ये सकाळपासून तंबू आणि ग्रिल लागतात आणि तुमचे स्पीकर महाशय दोन मैल लांब गाडी लावून घामाघूम होऊन येतात. आणि गंमत म्हणजे मॅचची तारीख खूप आधी माहीत असते पण मॅच किती वाजता ते टीव्हीवाल्यांच्या मर्जीवर, बऱ्याच वेळा जेमतेम आठवडा-बारा दिवस आधी कळतं. त्यामुळे "मॅच संध्याकाळी आहे, आपली मीटिंग सकाळी उरकू" असला हिशोब करू नका. मी तर सरळ होम गेमचा अख्खा वीकेंडच काट मारते. त्याशिवाय मूव्ह-इनचा (पोरं होस्टेलात राहायला येतात तो) आठवडा, पेरेंट्स वीकेंड, होमकमिंग (माजी विद्यार्थी परत येतात तो वीकेंड), रीयुनियनचे दिवस, हेही टाळायचे.

मग उरतं काय? भरपूर उरतं. डिसेंबरमध्ये परीक्षा संपल्यावरचा आठवडा, जानेवारीत क्लास सुरू व्हायच्या आधी, स्प्रिंग ब्रेक, आणि जून-जुलै. जून-जुलैत कॅम्पसवर ओरिएंटेशन आणि समर कॅम्पची पोरं असतात पण हॉटेलात त्यामानाने शांतता. सेल्सची मंडळी या दिवसांत एकदम मऊ बोलायला लागतात. हॉल रेंट माफ, स्पीकरसाठी दोन खोल्या फुकट, सगळं मिळू शकतं, आपण मागायला हवं. त्याच खोलीसाठी ऑक्टोबरमध्ये त्यांनी दादही दिली नसती. एक लक्षात ठेवा, जिथे विद्यार्थी कामाला असतात तिथे सुट्टीत आणि परीक्षेच्या आठवड्यात माणसं कमी पडू शकतात. बँक्वेटला किती जण असतील हे तोंडावर विचारायचं, लाजायचं काही कारण नाही.

हॉलबद्दल. वेबसाइटवर लिहिलेलं असतं "क्षमता २००". ही क्षमता बहुतेक वेळा थिएटर सेटअपची, म्हणजे नुसत्या खुर्च्या एकामागे एक. तुम्हाला लोकांसमोर टेबल हवं, लॅपटॉप उघडायचाय, नोट्स घ्यायच्यात, तर क्लासरूम सेटअप लागतो आणि आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो. यू-शेप केला तर आणखी खाली. गोल टेबलांचा हिशोब सोपा, ६० इंची टेबलाला ८ जण, ७२ इंचीला १०. हॉटेलवाले ६० इंचीला १० जण कोंबून नकाशा पाठवतात, तेव्हा जेवताना शेजाऱ्याचं कोपर आपल्या ताटात येतं. आणि सगळ्या खुर्च्या टेबलाच्या एकाच बाजूला हव्या असतील, म्हणजे जेवता जेवता स्टेजकडे बघायचं असेल, तर टेबलाची अर्धी बाजू मोकळी सोडावी लागते, मग आकडा परत घटतो.

जुन्या इमारतीत याच्यावर खांब. काय सांगू खांबांचं. मागे एका ठिकाणी (नाव घेत नाही) हॉल बघताक्षणी प्रेमात पडावं असा होता, झुंबरं, उंच खिडक्या, भिंतीवर कोणा दिवंगत प्रेसिडेंटांची तैलचित्रं. हॉटेलने पाठवलेल्या नकाशात खांब चक्क काढलेलेच नव्हते. प्रत्यक्ष मीटिंगच्या दिवशी दोन्ही कडेच्या रांगांतली माणसं खांबाच्या डावीकडून, मग उजवीकडून, अशी मान काढून स्लाइड बघत होती, आणि त्या उंच खिडक्यांतून सकाळी दहाला जे ऊन आलं त्यात स्क्रीनवर काय लिहिलंय ते प्रेझेंटरलाही दिसेना. पडदे होते, पण ते शोभेचे, बंद होतच नव्हते. तेव्हापासून मी हॉल बघायला जाते तेव्हा ज्या वेळेला माझं मुख्य सेशन आहे त्याच वेळेला जाते, शेवटच्या रांगेत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसते, आणि कोणाला तरी स्क्रीनच्या जागी उभं करते. त्यांना वाटतं बाई विक्षिप्त आहे. वाटू दे.

छताची उंचीही बघायची. जुन्या बँक्वेट हॉलमध्ये मधोमध छत उंच पण कडेला बीम खाली आलेले, स्क्रीन लावायची जागा नेमकी बीमखाली. मग स्क्रीन खाली येतो आणि पुढच्या रांगेतली डोकी त्यात येतात. भिंतीला काही चिकटवायला तर अजिबात परवानगी नसते, जुनं प्लास्टर, जुना रंग, टेपसुद्धा नाही. पोस्टर सेशन असेल तर स्टँड भाड्याने घ्यावे लागतात, ते बजेटमध्ये धरा. आणि सामान वर न्यायची लिफ्ट कुठली, केवढी, हे विचारा, कारण काही ठिकाणी ती किचनच्या आतून जाते आणि लंच लागायच्या वेळी तुम्हाला कोणी आत घेत नाही.

व्हीलचेअरचा मुद्दा मला वेगळा सांगावासा वाटतो. अपंगांच्या सोयीसाठीचा कायदा १९९० चा आहे, बहुतेक जुन्या हॉटेलांनी रॅम्प, लिफ्ट सगळं केलंय, कागदावर सगळं व्यवस्थित. पण पुढचा तो फोटोतला पायऱ्यांचा भव्य जिना आणि रॅम्प मात्र इमारतीला वळसा घालून मागे, कचऱ्याच्या डब्यांशेजारून, असं असू शकतं. आमच्यात एक ज्येष्ठ मॅडम आहेत, व्हीलचेअर वापरतात, त्यांनी एकदा शांतपणे सांगितलं होतं, "मला आत येता येतं का हे नको विचारूस, मला सगळ्यांबरोबर आत येता येतं का ते विचार." त्यामुळे साइट व्हिजिटला तो रस्ता मी स्वतः चालून बघते, गाडीपासून हॉलपर्यंत आणि हॉलपासून बाथरूमपर्यंत.

आता पैसे. कॉन्ट्रॅक्टमध्ये घोडं पेंड खातं ते तीन-चार ठिकाणीच. एक, फूड अँड बेव्हरेज मिनिमम, म्हणजे तुम्ही एवढ्या डॉलरचं खाणंपिणं घ्यायलाच हवं. यात सर्व्हिस चार्ज आणि टॅक्स धरलेला नसतो. सर्व्हिस चार्ज साधारण २२ ते २६ टक्के, आणि बऱ्याच राज्यांत त्या सर्व्हिस चार्जवर पण टॅक्स. म्हणजे मेन्यूवर जो आकडा दिसतो त्यात जवळपास एक तृतीयांश मनातल्या मनात वाढवूनच वाचायचं. कॉफी गॅलनवर विकतात, आणि त्या गॅलनचा भाव ऐकून पहिल्यांदा मला वाटलं यांनी मशीनसकट सांगितला. बाहेरचं खाणं आणायला बहुतेक ठिकाणी बंदी, कॅम्पसवर तर केटरिंगचे करारच ठरलेले असतात. आपल्याकडच्या लोकांना हे पचत नाही, "अगं आपण समोसे बाहेरून आणू ना" असं म्हणणारा एक काका प्रत्येक कमिटीत असतो. काकांना कॉन्ट्रॅक्टचं ते पान वाचायला द्यावं.

दोन, अ‍ॅट्रिशन. तुम्ही ६० खोल्यांचा ब्लॉक घेतला आणि ४० च भरल्या तर उरलेल्यांचे पैसे कोणी द्यायचे. साधारण ८० टक्के भरल्या तर माफ, अशी अट असते. कॅम्पस हॉटेलच्या बाबतीत ही जास्त जपून बघायची, कारण आसपास स्वस्त हॉटेलं असतात आणि आपलीच माणसं हळूच तिकडे बुकिंग करतात, शिवाय युनिव्हर्सिटीतली लोकल माणसं तर घरूनच येणार. मी ब्लॉक मुद्दाम लहान घेते, नंतर वाढवून मागते. शांत सीझनमध्ये वाढवून मिळतो.

तीन, एव्ही. प्रोजेक्टर, माइक, तो माइक मिक्सरला जोडणारा माणूस, प्रत्येकाचं वेगळं बिल. पण इथे कॅम्पसचा एक फायदा आहे जो लोक विसरतात. मोठं लेक्चर असेल तर ते हॉटेलात घ्यायचंच कशाला? चालत पाच मिनिटांवर युनिव्हर्सिटीचं ऑडिटोरियम असतं, उतरत्या खुर्च्या, पक्का प्रोजेक्टर, आवाजाची सोय आधीच केलेली. एखाद्या डिपार्टमेंटने सहआयोजक व्हायचं कबूल केलं तर भाडंही कमी लागतं. लेक्चर तिकडे, जेवण आणि छोट्या बैठका हॉटेलात. माझ्या मते कॅम्पस हॉटेल असंच वापरायचं असतं, अख्खा कार्यक्रम त्या एका हॉलमध्ये कोंबायचा हट्ट धरला की सगळ्यांच्याच नाकी नऊ येतात.

शेवटी बीईओ, म्हणजे बँक्वेट इव्हेंट ऑर्डर. हा कागद आला की चहा घेऊन शांतपणे बसून ओळ न् ओळ वाचायची, कारण त्या दिवशी किचन आणि सेटअपची माणसं तुमचे ईमेल वाचत नाहीत, हाच कागद वाचतात. ईमेलमध्ये सेल्स मॅनेजरने "हो हो, व्हेज वेगळं ठेवू" म्हटलं असेल आणि बीईओवर नसेल तर ते झालंच नाही असं समजा. "व्हेजिटेरियन" एवढंच लिहून चालत नाही हेही सांगते, अंडं चालतं का, चीजमध्ये रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं विरजण) चालतं का, सूपला चिकन स्टॉक आहे का, हे सगळं लिहून घ्या. आणि जेवणाचा पक्का आकडा साधारण तीन वर्किंग दिवस आधी द्यावा लागतो, त्यानंतर वाढवता येतो, कमी करता येत नाही.

एवढा सगळा त्रास असूनही मी परत परत तिकडेच का वळते? कारण हॉलच्या बाहेर जे होतं ते. चेन हॉटेलात सेशन संपलं की लोक फोन काढून लिफ्टकडे जातात. जुन्या कॅम्पस हॉटेलात लॉबी म्हणजे खरोखर बसायची जागा असते, जुने सोफे, शेकोटी, बाहेर पोर्चवर डुलत्या खुर्च्या. तिथे आधीपासून कोणीतरी निवृत्त प्रोफेसर पेपर वाचत असतात, कोणाचा तरी थीसिस डिफेन्स झालेला असतो आणि घरचे फोटो काढत असतात. आपली माणसं त्यात मिसळतात. आमच्याकडे वर्षभर ईमेलवर अडून बसलेला एक बजेटचा वाद होता, दोघंही आपापल्या जागी ठाम, सेशनमध्ये तर एकमेकांकडे बघेनात. दुपारच्या ब्रेकमध्ये बाहेर पाऊस लागला म्हणून दोघं पोर्चवर अडकले आणि आत आले ते आकडा ठरवूनच. अजेंडा मी केला होता, त्यात पोर्च कुठेच नव्हता. आता मी दुपारचा ब्रेक पंधरा मिनिटांचा ठेवत नाही, पाऊण तास ठेवते, आणि कॉफी हॉलमध्ये न ठेवता बाहेर ठेवायला सांगते.

पोर्चचंही वेळापत्रक असतं हं. कॅरोलायना इनमध्ये सीझनमध्ये शुक्रवारी संध्याकाळी पुढच्या आवारात लाइव्ह बँड असतो, ब्लूग्रास वगैरे, गावातली माणसं पोराबाळांसकट येतात. तुमची मीटिंग शुक्रवारी संपत असेल तर मस्त, लोकांना तिथेच सोडून द्या, वेगळा रिसेप्शन करायची गरज नाही. पण त्याच वेळी कोणी गंभीर चेहऱ्याने स्ट्रॅटेजी सेशन ठेवलं असेल तर बँजो ऐकत बसा.

कोणी घेऊ नये तेही सांगते. पाचशे माणसं असतील, एक्झिबिशनचे स्टॉल लावायचे असतील, सगळ्यांना एकसारख्याच खोल्या हव्या असतील, तर नका जाऊ. जुन्या इमारतीत एक खोली प्रशस्त आणि शेजारची चिंचोळी, आणि मग "त्याला मोठी का, मला छोटी का" ही तक्रार रात्री अकराला तुमच्या फोनवर. विमानाने येऊन रात्रीच परतणाऱ्यांसाठीही नाही, कॉलेजची गावं बहुतेक एअरपोर्टपासून लांबच असतात आणि डार्टमथच्या हॅनोव्हर गावासारख्या ठिकाणी तर दोन-सव्वादोन तास बॉस्टनहून गाडी मारावी लागते.

आमचं पुढच्या जूनचं टेंटेटिव्ह होल्ड, म्हणजे कच्चं बुकिंग, टाकून झालंय. हॉल रेंट माफ झालं, खांब असलेला नकाशा मागवून घेतलाय, अ‍ॅट्रिशनवर घासाघीस अजून चालू आहे, ते ७५ वर यायला तयार नाहीत आणि मी ८० वर सही करायला.